मिस्त्रींच्या नावाची कमान नको



आपल्या गटातील लोहारकाम करणारे, लहानथोरांचे 'मिस्त्री', गेल्या महिन्यात वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी गेले. शोकसभेला शाळेचे पटांगण भरले होते. गावाच्या वेशीवर त्यांच्या नावाची कमान उभारावी अशी सूचना आली आणि टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. शोकसभेत विरोध करणे बरे दिसत नाही. पण माझे मत वेगळे आहे, ते येथे मांडतो.

मिस्त्री १९५५ साली फौजेत भरती झाले. घरचा धंदा लोहारकीचा, म्हणून ई.एम.ई. दलात, म्हणजे फौजेची वाहने व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, त्यांना घेतले. १९६५ च्या युद्धात ते पंजाबात खेमकरण भागात होते. तिथे असल उत्तरची लढाई ८ ते १० सप्टेंबरला झाली. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले आणि उसाच्या आडोशाला रणगाडे दडवले. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या चिखलात रुतले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन फोडले व तिथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. उसाच्या फडाने देशाची अशी सेवा केली आहे, हे आपल्या पोरांना माहीत असावे.

मिस्त्री स्वतः मात्र शौर्याच्या गोष्टी सांगत नसत. विचारले तर म्हणायचे, "आमचं काम लढाई झाल्यावर. रुतलेलं वडायचं, मोडलेलं सांधायचं." कुणाची ट्रॉली ओल्या फडात रुतली की ते हसत यायचे आणि आधी त्यालाच झाडायचे, "तोडीच्या आधी पंधरा दिस पाणी बंद करा म्हणून सायेब सांगून गेलं न्हवतं का?" माझी शेतीची पदविका एका बाजूला आणि मिस्त्रींचा हा एक शेरा एका बाजूला, सभासद त्यांचेच ऐकायचे.

१९७० साली ते गावी आले आणि रस्त्याकडेला भाता पेटवला. पुढे वेल्डिंग मशीन आले. नांगराचा फाळ, गाडीची धाव, इंजिन, सगळे त्यांच्याकडेच. हंगामात इंजिन बंद पडले तर आधी काम, पैसे उसाचे बिल निघाल्यावर. बीडकडच्या तोडणी मजुरांच्या कोयत्यांना धार लावायचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हत्यारांची पेटी घेऊन ते तिकडे गेले आणि पत्र्याच्या शेड उभ्या करून दिवाळीलाच परतले. दुकान तोवर बंद.

पण मला मोठे वाटते ते त्यांचे शेवटचे काम. हंगामात रात्री भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते. मागे उसाची टोके चार-चार हात बाहेर आलेली. ट्रॉलीचा लाल दिवा त्या उसाने आणि वाढ्याने झाकलेला. समोरून गाडीचा झोत डोळ्यांवर आला की मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसतच नाही. आपल्या रस्त्यावर असा एक तरुण गेला, सभासदाचाच मुलगा. त्या रात्रीनंतर मिस्त्रींनी पत्र्याच्या पाट्या करायला घेतल्या. लाल-पांढरे रेडियम लावलेली पाटी, दोन साखळ्या, दोन आकडे. ऊस भरल्यावर टोकांच्याही मागे लोंबती राहील अशी. बैलगाडीवाल्यांना आखाच्या दोन्ही बाजूंना आणि बैलांच्या शिंगांना रेडियमची पट्टी लावून द्यायचे. ऐंशी ओलांडलेला माणूस संध्याकाळी नाक्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि बिनपाटीची ट्रॉली थांबवायचा. "चाक फिरलं म्हंजे गाडी चालली न्हवं," म्हणायचे, "मागच्याला दिसली तर चालली." ड्रायव्हर पोरे कुरकुरायची, पण थांबायची.

आता कबुली. इतकी वर्षे मी फडात जातो, तोडणीची चिठ्ठी पाहतो, ट्रॉलीचा नंबर पाहतो. मागचा दिवा मी कधी पाहिला नाही. उलट गव्हाण रिकामी पडते म्हणून लवकर हलवा असा तगादा लावतो. जे काम पगार घेऊन आम्ही करायला हवे होते, ते मिस्त्री खुर्ची टाकून फुकट करत होते.

तेव्हा माझी सूचना अशी, की कमानीसाठी निघणारी वर्गणी पाट्यांना वापरावी. वाहतूकदारांशी करार होतात त्याच वेळी प्रत्येक ट्रॉलीला, अंगद गाडीला आणि बैलगाडीला पाटी व पट्टी लागली की नाही हे पाहावे. आणि पाटी नाही तर फडात चिठ्ठी नाही, असे संचालक मंडळाने ठरवावे. काही वाहतूकदार नाराज होतील. माझ्याकडेच तक्रार येईल, ती मी ऐकून घेईन.

मिस्त्रींच्या दुकानात तयार झालेल्या सात पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या मुलाच्या परवानगीने त्या मी गट ऑफिसात आणून ठेवल्या आहेत. ज्यांच्या ट्रॉलीला नसेल त्यांनी न्याव्यात. पैसे द्यायचे नाहीत. हंगाम संपला की साखळीसकट परत आणून द्याव्यात.