उशीखालचीं पुस्तकें

पुस्तकें सुचविण्याची एक विचित्र रीत आपल्या वाचकवर्गांत रूढ आहे. ऐतिहासिक कादंबरी सुचवावयाची ती दिवाणखान्यांत, चारचौघांदेखत, सत्यनारायणाचा प्रसाद वांटावा तशी. आणि रहस्यकथा सुचवावयाची ती कानांत. पहिलीनें मनुष्य देशभक्त होतो व दुसरीनें बिघडतो, असा सिद्धांत या व्यवहारांत गृहीत धरलेला असतो. तो आम्हांस साफ अमान्य आहे.

मुळांत हीं दोन कुळें निराळीं आहेत हेंच खरें नव्हे. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' घ्या. काळोखी रात्र, मारुतीचें देऊळ, भुयार, वेषांतरें, गुप्त मसलती. यांतली कोणती सामग्री रहस्यकथाकारास परकी आहे? ही कादंबरी १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध झाली. पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकास स्वराज्याची ओढ असेल, पण 'पुढें काय झालें' ही तळमळ तिच्याहून कमी खास नसावी. नाथमाधवांनीं एका हातानें स्वराज्याच्या कादंबऱ्या लिहिल्या, दुसऱ्या हातानें 'वीरधवल' लिहिला. गो. ना. दातारांनीं रेनल्ड्सच्या कथानकांस एतद्देशीय पेहराव चढवून लोकांना रात्ररात्र जागविलें. बाबूराव अर्नाळकर १९९६ सालीं वारले. त्यांच्या रहस्यकथा हजारांवर भरतात. झुंजार आणि काळा पहाड यांच्या नादानें ज्यांस वाचनाची गोडी लागली, तेच गृहस्थ पुढें विद्वान् झाल्यावर अर्नाळकरांचें नांव काढतांना संकोचतात. ही कृतघ्नता आहे. दुसरा शब्द आम्हांस सुचत नाहीं.

उलटपक्षीं, ऐतिहासिक कादंबरीला जो मान मिळतो तो तिला बहुधा चुकीच्या कारणासाठीं मिळतो. 'ही वाच, म्हणजे तुला इतिहास कळेल,' असें म्हणून वडील मंडळी ती मुलांच्या हातीं देतात. कोंढाण्याला सिंहगड हें नांव तानाजी १६७० सालीं पडल्यानंतर मिळालें, ही समजूत घरोघर आहे, आणि 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीनें तिला मोठाच हातभार लावला. वास्तविक त्यापूर्वींच्या पत्रांतही त्या गडाचें सिंहगड हें नांव आढळतें. यामुळें हरिभाऊंची कादंबरी कमी प्रतीची ठरते काय? मुळींच नाहीं. परंतु तीच इतिहास म्हणून वाचलेला मनुष्य पुढें कोणी अस्सल कागद समोर धरला असतां आपल्या समजुतीची फेरतपासणी करीत नाहीं. तो कागद दाखविणारावर संतापतो. संशोधकांस आपल्याकडे शिव्या खाव्या लागतात त्यांतल्या बऱ्याचशा कादंबऱ्यांच्या पानांतून निघालेल्या असतात. कादंबरीकाराचा यांत फारसा दोष नाहीं, शिफारस करणाराचा आहे.

आमची कसोटी साधी आहे. शेवट आधींच ठाऊक असतां पुस्तक हातचें सुटत नाहीं काय? विजयनगर १५६५ सालीं बुडालें हें कोणास ठाऊक नाहीं? तरी 'वज्राघातां'त रामराजा आणि मेहेरजान यांची जुनी कहाणी त्या राज्याच्या मुळाशीं कशी येते, तें पाहण्यासाठीं आपण वाचीत राहतों. माधवराव पेशवे १७७२ सालीं थेऊरास वारणार हें पहिल्या पानापासून माहीत असूनही रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ पासून वाचली जात आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टी लोक पुनःपुन्हा वाचतात, त्या गुन्हेगार कोण हें विसरल्यामुळें नव्हे. बेकर स्ट्रीटच्या त्या खोलींत पुन्हा जाऊन बसावेंसें वाटतें म्हणून. या कसोटीवर पुष्कळ रहस्यकथा गळतील हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पानोपानीं घोड्यांच्या टापा आणि डोळ्यांतले निखारे, मनुष्य मात्र शोधून सांपडत नाहीं, अशा जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्याही तितक्याच गळतील, आणि त्या वजनानें अधिक आवाज करतील.

तेव्हां आमच्या वाचकांस विनंति इतकीच: या खेपेस कोणी पुस्तक विचारलें तर 'वज्राघात' आणि दातारांची 'कालिकामूर्ति' हीं दोन्ही एकत्र द्या, तींही उघड्यावर, आणि महिन्यानें विचारा कीं कोणत्या पुस्तकांतलीं माणसें अजून आठवतात.