संपादकीय : रकान्याबाहेरचे लगीन

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास गुजरातच्या सरहद्दीवरील अच्छाडच्या आसपास भाताची कापणी चालू असेल, वाघबारस जवळ आलेली असेल, पाड्यापाड्यांतून तारपा वाजू लागलेला असेल; आणि याच मोसमात महामार्गावर उतरून एखादा पाहणीदार छापील प्रश्नावली घेऊन पाड्यावर पोहोचेल. तीत 'विवाहित की अविवाहित' असा रकाना हटकून असतो. वारली समाजात स्त्रीपुरुषांनी एकत्र नांदावे, मुले व्हावीत, आणि खर्चाची जुळवाजुळव झाल्यावर, प्रसंगी कैक वर्षांनी, धवलेरीने लगीन लावावे, ही रीत अनेक घरांत चालत आली आहे; आणि धवलेरी ही स्त्री असते, हे शहरी सुधारकांनी जरा लक्षात घ्यावे. अशा घरच्या बाईने खूण कुठे करावी? पाहणीदार आपल्या समजुतीने 'अविवाहित' लिहून मोकळा होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये विवाहितांचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे व्हावयाचा असल्याने, उद्या तीच नोंद दफ्तरी पुरावा म्हणून पुढे आली तर बाईचा हक्क धोक्यात येतो.

लग्न आणि जमीन यांचे नाते या मुलखाने फार कडू रीतीने अनुभवले आहे. लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे बायकोसह राबणारा लग्नगडी, आणि त्या बायकोच्या अब्रूवरही मालकी सांगणारा जमीनदार, ही कैफियत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात मांडली. पण ती मांडण्याआधी त्या या लोकांत राहिल्या, आणि १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वेठ नाकारणाऱ्या वारल्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. पुढे पालघरच्या भूमिसेना या आदिवासी संघटनेवर अनिसुर रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला आणि सहभागी संशोधनाच्या चर्चेत त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

तथापि सभा भरवली म्हणजे सहभाग झाला, हा समज आम्हांस भाबडा वाटतो. सभेत पुढे बसतो तो पुरुष, बोलतो तोही बहुधा तोच. शरीर, सहवास, गर्भ, भुताळी ठरवल्या जाण्याचे भय, यांविषयी बाई बोलते ती लावणीच्या बांधावर वा पाणवठ्यावर, दुसऱ्या बाईपाशी. आमच्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. ती कागदावर न ठेवता वापरावी.

म्हणून या भागात पाहणीस येणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे की प्रश्नावली छापण्यापूर्वी ती धवलेरीला आणि पाड्यावरच्या बायकांना वाचून दाखवावी, त्यांनी खोडलेले प्रश्न खोडावेत, आणि तयार झालेला अहवाल प्रथम महिलांच्या सभेपुढे, वारली बोलीत ठेवावा.