नदीला माप आहे, कामाला कोठे आहे?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले, हे पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. ३९ फुटांस इशारा, ४३ फुटांस धोका. त्यापुढे प्रत्येक इंचाची बातमी घरोघर पोहोचते. २०१९ च्या ऑगस्टात हे पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांवर. राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात आहेत, एक दरवाजा उघडला की १,४२८ क्यूसेक पाणी सुटते, हा हिशेबही या भागातील शेतकरी बांधावर उभ्या उभ्या करतो. नदीची गोष्ट आम्ही इतक्या काटेकोरपणे मोजतो. परंतु त्याच नदीच्या पुरापासून माणसे, जनावरे आणि घरे वाचविण्याचे काम ज्यांच्यावर सोपविलेले आहे, त्यांच्या कामाला इशाऱ्याची पातळी कोणती आणि धोक्याची कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर मिळावयाचे नाही. कारण ती पातळी कोणी ठरविलेलीच नाही.

मुरगूडचेच उदाहरण घेऊ. गाव कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. ही नदी येते भुदरगड तालुक्यातून. पाटगावचे धरण तिच्यावर आहे. पुढे ती निपाणीच्या बाजूने कर्नाटकात शिरते आणि दूधगंगेला मिळते. धरण पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यांकडे, वरचा तालुका एका तहसीलदाराकडे, खालचा दुसऱ्याकडे. गावातील वस्ती नगरपालिकेची, आसपासच्या वाड्या ग्रामपंचायतींच्या. पुलावर अडथळा लावावयाचा तो पोलिसांनी, रस्ता दुरुस्त करावयाचा तो बांधकाम खात्याने, वीज तोडावयाची ती वीज कंपनीने. आणि यमगर्णीजवळ हेच पाणी महामार्गावर चढले की प्रश्न बेळगाव जिल्ह्याचा, म्हणजे दुसऱ्या राज्याचा होतो. पाणी मात्र एकच. ते तालुक्याची वेस ओळखत नाही आणि राज्याचीही नाही.

अशा ठिकाणी निरनिराळ्या खात्यांच्या माणसांना एकत्र बसवावे लागते, हे कोणासही मान्य होईल. कायदाही तेच सांगतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले आणि जिल्ह्याचा आराखडा करणे व दर वर्षी तो तपासणे बंधनकारक ठरविले. त्याप्रमाणे पावसाळ्याच्या तोंडी बैठका होतात. चहा येतो, प्रत्येक खात्याचा प्रतिनिधी आपल्या खात्याची तयारी पूर्ण असल्याचे सांगतो, आणि ‘सर्व यंत्रणांनी सज्ज राहावे व परस्परांत समन्वय ठेवावा’ अशा सूचनेने कामकाज आटोपते. या सूचनेत गैर काही नाही. अडचण एवढीच की, ती पाळली गेली की नाही हे पावसाळा संपल्यावर कशावरून ठरवावयाचे? सज्जतेला फूट-इंच नाहीत. जे मोजता येत नाही ते झाले असे म्हणता येते, आणि झाले नाही असेही म्हणता येते. अशा कामाचा जाब कोणी मागू शकत नाही आणि त्याबद्दल कोणाची पाठही थोपटता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आमची आम्हालाच देणे प्राप्त आहे. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. तपासणीस येणारे साहेब हजेरीपटावर बोट ठेवून शाळेची पारख करीत. परिणाम असा झाला की आमचा हजेरीपट सुरेख झाला. मुले वाचू लागली की नाही, हे पाहण्यास वेळ मात्र उरेना. तेव्हा मोजमाप हवे, इतकेच म्हणून भागत नाही. कशाचे मोजमाप, हा खरा प्रश्न आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने जलजीवन मिशनची घोषणा केली. प्रत्येक ग्रामीण घराला नळ, आणि त्या नळातून दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी, असे तिचे उद्दिष्ट. मुदत २०२४ ची. ती पुढे २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. उद्दिष्ट स्पष्ट होते, आकड्यांत होते, मुदतीसह होते, आणि याबद्दल आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु नळ मोजणे सोपे आणि लिटर मोजणे अवघड. भिंतीवरचा नळ एकदा मोजला की मोजून झाला. पाणी रोज मोजावे लागते, तेही उन्हाळ्यात. साहजिकच कागदावर नळांचा आकडा झपाट्याने चढतो आणि घागरींचे म्हणणे ऐकावयास कोणी उरत नाही. दोन मापे दिली असता कारभारी सोपे माप उचलतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला दोष देण्यापेक्षा तो जाणून माप निवडावे हे शहाणपणाचे.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी त्या राज्याने आपत्तीच्या कामासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि पुढे ‘शून्य जीवितहानी’ हे दोन शब्दांचे उद्दिष्ट आपल्यासमोर ठेवले. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलविली गेली होती. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. शून्य गाठले गेले नाही, हे खरे. पण शून्य समोर असल्यामुळे प्रत्येक खात्याला आपले काम उलट दिशेने मोजावे लागले: माणूस मरू नये तर तो निवाऱ्यात हवा, निवाऱ्यात हवा तर गाडी केव्हा निघावी, गाडी निघावी तर संदेश केव्हा पोहोचावा? म्हातारीला उचलून नेणारा कोण, हे आधी ठरलेले होते. ओडिशा हे काही श्रीमंत राज्य नव्हे. तेव्हा पैशाची सबब आम्हास पटत नाही.

वेदगंगेच्या काठी हेच करावयाचे तर प्रारंभ संदेशापासून व्हावा, असे आमचे मत आहे. पाटगावचे धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले, ही वेळ धरणावर नोंदली जाते. मुरगूडच्या नदीकाठच्या शेवटच्या घरात ही वार्ता कोणत्या वेळी पोहोचली, हे मात्र कोठेही नोंदले जात नाही. या दोन वेळांमधील अंतर हे समन्वयाचे खरे माप होय. पाण्याला तेथून येथे यावयास किती तास लागतात, हे अभियंत्यांना ठाऊक असते. वार्तेने पाण्याच्या आधी निदान इतके तास पोहोचले पाहिजे, असे एकच वाक्य बैठकीत ठरले आणि दर वर्षी दोन्ही वेळा लिहून ठेविल्या, तर ‘समन्वय साधावा’ या मोघम वाक्याची जागा भरून निघेल. हल्ली भ्रमणध्वनीवर संदेश क्षणात जातो, मग अडचण काय, असे कोणी म्हणेल. तो अधिकाऱ्याच्या हाती क्षणात जातो. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो पोरगा कोल्हापुरास घेऊन गेला आहे, त्या घरी तो जात नाही. म्हणून वेळ धरावयाची ती शेवटच्या घराची. पहिल्या घराची धरली की हजेरीपटच व्हावयाचा.

दुसरी गोष्ट जनावरांची. पुरात घर सोडण्यास शेतकरी का कू करतो, त्याचे कारण शहरातील वाचकांस चटकन उमगत नाही. दावणीला म्हैस असताना मनुष्य शाळेच्या इमारतीत जाऊन झोपू शकत नाही. तेव्हा स्थलांतरित माणसांची संख्या ठरविताना जनावरांची छावणी कोठे, तेथे वैरण किती दिवसांची, हे आधी ठरले नाही तर माणसांचे उद्दिष्टही फसते. माणसे शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात आणि मग एकाच नावेकडे धावतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली बोट उलटली आणि कित्येकांचा, त्यांत बायाबापड्यांचा, बुडून अंत झाला. त्या नावेत किती माणसे बसावीत याचा आकडा असणारच. परंतु त्या घटकेस काठावर उभे राहून ‘आता बस्स’ असे म्हणण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नसेल तर आकडा काय कामाचा? मोजता येणाऱ्या उद्दिष्टापुढे एका माणसाचे नाव आणि हुद्दा लिहिलेला असलाच पाहिजे. खात्याचे नाव लिहून चालत नाही. खाते पुरात उभे राहत नाही.

आता सर्वांत नाजूक बाब. समन्वय होत नाही याचे खापर आपण आळसावर फोडतो. पुष्कळदा ते खरे नसते. दोन खात्यांची उद्दिष्टेच एकमेकांस छेद देणारी असतात. पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला पावसाळा सरता सरता धरण काठोकाठ भरलेले दाखवावयाचे असते. ऊसवाल्याचा उन्हाळा त्यावर अवलंबून असतो आणि धरण रिकामे राहिले तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. महसूल अधिकाऱ्याला ऑगस्टात धरणात मोकळी जागा हवी असते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. काळम्मावाडीसारख्या २५ टीएमसीच्या धरणावर हा पेच लहान नव्हे. कोणत्या तारखेस धरणात किती पाणी असावे, याची परिचालन सूची असते; परंतु ती पाळल्यामुळे पुढे धरण भरले नाही तर त्या अभियंत्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे त्या सूचीत लिहिलेले नसते. समितीने ठरवावयाची गोष्ट ही आहे. पाठीशी उभे राहण्याचे अभिवचन लेखी नसेल, तर कोणताही शहाणा मनुष्य पाणी धरूनच ठेवील.

अशा मोजमापाने अधिकारी घाबरतील आणि खोटे आकडे देतील, ही शंका रास्त आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सेनापतींनी यशाचे माप म्हणून शत्रूची प्रेते मोजावयास सांगितली. प्रेतांचे आकडे फुगत गेले आणि युद्ध हरले गेले. आकडा शिक्षेसाठी वापरला की तो खोटा होतो. म्हणून पहिल्या दोन पावसाळ्यांत तरी या नोंदी कोणास नोटीस देण्यासाठी वापरू नयेत. २०१९ मध्ये काय घडले, २०२१ मध्ये काय घडले, हे काठावरच्या माणसांना विचारून लिहून काढावे, म्हणजे तुलनेस पाया मिळेल. आणि फुकट गेलेला इशाराही मोजावा. तीनदा माणसे हलविली आणि तिन्ही वेळा पाणी आले नाही, तर चौथ्यांदा कोणी उठणार नाही.

राज्यांच्या पातळीवरचा अनुभव यापेक्षा निराळा नाही. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० साली तिचा अहवाल आला. अलमट्टीच्या फुगवट्याला तिने दोष दिला नाही, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. २०२१ च्या जूनमध्ये उभय राज्यांच्या नेत्यांची बेंगळुरास बैठक होऊन धरणांची माहिती परस्परांना वेळेवर देण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात पंचगंगा पुन्हा ५६ फुटांवर गेली. त्या बैठकीमुळे पूर टळावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण तिच्यामुळे माहिती पूर्वीपेक्षा किती तास आधी मिळाली, हा हिशेब उभय बाजूंनी जनतेसमोर मांडावयास हवा होता.

मुरगूडला हा प्रयोग करण्यासाठी बेंगळुराकडे किंवा मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. नगरपालिकेने नदीकाठच्या गल्लीतील एका पक्क्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची खूण रंगवावी. तिच्या खाली एक तिसरी रेघ असावी: पाणी येथे येण्यापूर्वी ही गल्ली रिकामी झालेली असेल. त्या रेघेशेजारी जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. धरणावरची वेळ, शेवटच्या घराची वेळ, गल्ली रिकामी झाल्याची वेळ, आणि पूर ओसरल्यावर पंचनामा पुरा झाल्याची तारीख, एवढ्या नोंदी एका साध्या वहीत होतील. ती वही गणेशोत्सवापूर्वी नगरपालिकेच्या सभेत वाचून दाखवावी. सभा नागरिकांस खुली असावी. पाटबंधाऱ्याच्या आणि महसुलाच्या माणसांनी त्या सभेस बसावे, इतकी विनंती जिल्हाधिकाऱ्यांनी आजच त्यांना करून ठेवावी.