‘20 पट शोषण’ आणि ‘साइड इफेक्ट नाही’: एकाच बाटलीवर दोन्ही कसे?

हळदीच्या कॅप्सूलची एखादी बाटली घ्या आणि लेबल नीट वाचा. एका बाजूला लिहिलेले असते, ‘काळ्या मिरीच्या अर्कासह, 20 पट शोषण’. दुसऱ्या बाजूला असते, ‘100 टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही’. माझे म्हणणे सरळ आहे. पहिले वाक्य खरे असेल, तर दुसऱ्याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

आधी शोषण समजून घेऊ. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे आतड्यातून थोडेच आत जाते. जे जाते त्याला आतड्याचे अस्तर आणि यकृत लगेच ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देतात, म्हणजे ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. नको असलेली रसायने अंगात साठू नयेत, म्हणून शरीराने ठेवलेला हा पहारा आहे.

मिरीतले पायपरिन हा पहारा ढिला करते. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा कर्क्युमिनचे शोषण सुमारे 20 पट झाले. जाहिरातीतला आकडा हाच. पण पहारा ढिला झाला की त्या दारातून एकटी हळदच आत येत नाही. फिटची फिनिटोइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफायलिन यांचीही रक्तातली पातळी पायपरिनमुळे वाढते.

याचा शहाणा उपयोग आपल्याच देशात झाला आहे. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेच्या संशोधनातून क्षयरोगाचे असे औषध तयार झाले, ज्यात 10 मिलिग्रॅम पायपरिन घालून रिफॅम्पिसिनचा डोस 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणला. शोषण वाढवले, म्हणून डोस कमी केला. कॅप्सूल विकणारे मात्र शोषणही वाढवतात आणि डोसही!

‘पण हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो की!’ खातो, आणि खुशाल खावी. आमटीत पडते ती चिमूटभर. 95 टक्के अर्काच्या 500 मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये जवळपास 15 ग्रॅम हळदीतले कर्क्युमिन असते. हा स्वयंपाक नव्हे, हे औषध आहे. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या अनेक नोंदी झाल्या.

‘नैसर्गिक’ हा शब्द यकृताला वाचता येत नाही. हृदयाचे डिजॉक्सिन हेही वनस्पतीतूनच मिळते, पण त्याची गोळी 0.25 मिलिग्रॅमची असते आणि डोस थोडा चुकला तरी जिवावर बेतते. झाडातून आलेले रसायन एक तर शोषले जात नाही, मग पैसे वाया. किंवा शोषले जाते, मग त्याला डोस, परस्परक्रिया आणि दुष्परिणाम हे सगळे आले. तिसरा पर्याय फक्त जाहिरातीत असतो.

म्हणून वॉरफेरिन, फिटची किंवा इतर कोणतीही रोजची औषधे चालू असतील, यकृताचा आजार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना गेली, तर ती बंद करून लगेच तपासून घ्या. आणि दवाखान्यात येताना बाटली सोबत आणा. ‘ते काही औषध नाही, डॉक्टर’ असे म्हणून ती घरी ठेवू नका.