वारस, वारसा आणि बिसचा खांब

मायकेल रॉकफेलरची हकीकत वर्गात सांगितली की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तो बुडाला, की त्याला मारून खाल्ले? दुसरा प्रश्न सहसा येत नाही. आम्हीही अनेक वर्षे ही हकीकत याच एका प्रश्नाच्या खुंटीला टांगून सांगत आलो. आता मात्र ही सांगण्याची रीतच सदोष आहे असे आम्हांला वाटू लागले आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

प्रथम घटना. स्टँडर्ड ऑइलचे संस्थापक जॉन डी. रॉकफेलर यांचा मायकेल हा पणतू. वडील नेल्सन हे त्या वेळी न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर. १९३८ साली जन्मलेला मायकेल १९६० मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या मोहिमेबरोबर तो डच न्यू गिनीतील बालीम खोऱ्यात गेला. रॉबर्ट गार्डनर यांच्या 'डेड बर्ड्स' या चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण करणे हे त्याचे काम होते. तेथून त्याची दृष्टी दक्षिण किनाऱ्यावरच्या अस्मत लोकांच्या काष्ठशिल्पांकडे वळली. वडिलांनी स्थापन केलेल्या 'म्युझियम ऑफ प्रिमिटिव्ह आर्ट'साठी पोलादी कुऱ्हाडी, मासेमारीचे गळ आणि तंबाखू यांच्या मोबदल्यात तो ही शिल्पे गोळा करू लागला. १८ नोव्हेंबर १९६१ रोजी नदीमुखाजवळ त्याची नाव उलटली. बरोबरचे सायमन आणि लिओ हे दोन स्थानिक तरुण पोहत किनाऱ्याला गेले आणि त्यांनी खबर पोचवली. डच मानववंशशास्त्रज्ञ रेने वासिंग नावेला धरून राहिले. नंतर त्यांची सुटका झाली. त्याआधीच, १९ तारखेच्या सकाळी, रिकामे डबे कमरेला बांधून मायकेलने पाण्यात उडी घेतली होती. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. १९६४ साली कायद्याने त्याला मृत ठरवले.

या हकीकतीत ज्यांनी किनारा गाठला आणि ज्यांच्यामुळे शोध सुरू झाला ते सायमन आणि लिओ एका वाक्यापुरतेच येतात, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. वरच्या परिच्छेदात आम्हीही त्यांना एकच वाक्य दिले. आख्यानाचा नायक कोण, हे आडनावाने आधीच ठरवून टाकलेले असते.

याच किनाऱ्यावर, ओत्स्यानेप या गावी, १९५८ मध्ये मॅक्स लेप्रे या डच अधिकाऱ्याच्या तुकडीने गोळीबार केला होता. त्यात गावातील पाच माणसे मेली. त्यांच्यासाठी विमाने उडाली नाहीत, वार्ताहर आले नाहीत. कार्ल हॉफमन यांनी 'सॅव्हेज हार्वेस्ट' (२०१४) या पुस्तकात हे दोन धागे जोडले. गोळीबारात गेलेल्यांचे ऋण फेडण्यासाठी ओत्स्यानेपच्या पुरुषांनी मायकेलला मारले, असे त्यांचे प्रतिपादन आहे; त्या काळच्या डच मिशनऱ्यांच्या अहवालांचा त्यांना आधार आहे. निर्विवाद पुरावा मात्र मिळालेला नाही. हॉफमन यांचे मोठे काम आम्ही मानतो ते वेगळ्या कारणासाठी : त्यांनी १९६१ च्या कथेची सुरुवात मागे, १९५८ पर्यंत नेली. कथेचा आरंभबिंदू हलला की अपराधी आणि बळी यांच्या जागाही डळमळतात, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

आता ज्या वस्तूंसाठी मायकेल तेथे गेला, त्यांकडे वळू. बिस हा एकाच झाडातून कोरलेला, पंधरा-वीस फुटांचा खांब. त्यावर एकावर एक उभ्या असलेल्या मनुष्याकृती मृतांच्या असतात आणि त्यांना त्यांचीच नावे दिलेली असतात. मृतांना पूर्वजांच्या लोकी पोचवावे आणि पूर्वी त्यांच्या मृत्यूचा सूडही घ्यावा, ही त्यामागची भूमिका. विधी संपला की खांब साबुदाण्याच्या झाडांच्या बनात नेऊन टाकतात. तो तेथे कुजतो आणि त्याचे सामर्थ्य त्या झाडांत उतरते. आपल्याकडे देह न मिळालेल्या माणसासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करतात. दोन्हीकडची समजूत निराळी असली, तरी मृतासाठी केलेली प्रतिमा नष्ट झाल्यावाचून विधी पुरा होत नाही, एवढे साम्य आम्हांला दिसते.

ओत्स्यानेप आणि ओमादेसेप या गावांतून मायकेलने जमवलेले बिस मात्र कुजले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १९८२ साली त्याच्या नावाचे दालन उघडले. नूतनीकरणानंतर ते २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले. पुत्रशोकाने व्याकूळ पित्याने मुलाचे स्मारक उभारावे, यात गैर काहीच नाही, आणि जगातील असंख्य लोकांना ही थोर कला त्यामुळेच पाहता आली, हेही आम्ही नाकारत नाही. पण ज्या खांबांना अस्मत मृतांची नावे होती, ते आता दुसऱ्याच एका मृताच्या नावाखाली उभे आहेत.

वारस आणि वारसा हे शब्द मराठीत एकमेकांना किती लगटून आहेत! येथे तेलसम्राटाचा वारस हरवला याची जगभर चर्चा झाली. एका गावाचा वारसा स्थलांतरित झाला, तो संग्रहालयाच्या नोंदींत जमा झाला.

'बुडाला की खाल्ले' हा प्रश्न म्हणूनच आम्हांला अपुरा वाटतो. त्याचे कोणतेही उत्तर दिले, तरी अस्मत माणूस एक तर कथेबाहेर राहतो, नाही तर नरभक्षक म्हणूनच आत येतो. पुढच्या वर्षी ही हकीकत वर्गात सांगताना आम्ही १९५८ पासून, त्या पाच मृतांपासून सुरुवात करणार आहोत. विद्यार्थी पहिला प्रश्न तोच विचारतील. पण कदाचित या वेळी दुसराही विचारतील.