माप विचारावं लागत नाही, हाच खरा नफा

मेमरी वायरचं ब्रेसलेट कसं ओवायचं ते व्हिडिओत पाहिलंच. इथे धंद्याचं बोलते.

बोरी अरबसारख्या गावात बांगड्या विकायच्या तर 2-4, 2-6, 2-8 सगळी मापं भरावी लागतात, आणि गिऱ्हाईक नेमकं संपलेलंच माप मागतं. पैसा डब्यात अडकतो. मेमरी वायर म्हणजे स्प्रिंगसारखी कडक स्टीलची तार. ताणून सोडली की परत गोल होते. हूक लागत नाही आणि एकच ब्रेसलेट बहुतेक हातांत बसतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटणारी ताई पन्नास जणींची मापं कुठे विचारणार? म्हणून नव्या ताईंनी कानातल्यांआधी हेच शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त साध्या कटरने ही तार कापू नका, धारेला खाच पडते (मी दोन कटर घालवलेत). टोकं गोल तोंडाच्या पक्कडीने आत वळवा. टोचलेलं वाण बाई विसरत नाही!

आणि भाव काढताना मणी-तारेचा खर्च तेवढा मांडता, मग तुमचा अर्धा तास कुठे गेला? “घरीच बसून तर करते” म्हणून तो फुकट? शेजारणीला स्वस्त हवं असेल तर तीन वेढ्यांऐवजी सव्वा वेढ्याचं द्या, वेळेचे पैसे कापू नका.