लोकसहभागाचे अंडे

अंडे आणि परसातली भाजी यांचे भांडण लावून देण्याची एक नवी टूम अलीकडे निघाली आहे. शाळेतल्या पोरांना अंडे कशाला, शाळेमागे परसबाग लावा, पालक-मेथी पिकवा, तेच खरे सात्त्विक पोषण, असे सांगणारे सद्गृहस्थ हल्ली पुष्कळ भेटतात. परसबागेला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. ज्या वस्तू चुलीवर एकाच कढईत सुखाने नांदतात, त्यांपैकी एक दाखवून दुसरी काढून घ्यावयाची, या चलाखीला आमचा विरोध आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात परस म्हणजे काही बगीचा नव्हे. मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेली कांद्याची पात, चार टमाटराची झाडे, कुडावर चढलेला वालाचा वेल, कोपऱ्यात मेथी आणि सांभार. (आम्ही वऱ्हाडी लोक कोथिंबिरीला सांभार म्हणतो, पुण्याच्या वाचकांनी इडली शोधू नये.) या साऱ्यातून माती उकरीत हिंडणारी एखादी गावरान कोंबडी. रोपांची ती वैरीण खरी, पण संध्याकाळच्या जेवणाची निम्मी तरतूद तीच करते.

ते जेवण कसे होते हे टीकाकारांनी एकदा चुलीपाशी बसून पाहावे. कढईत थोडे तेल, त्यात जिरे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. मग ओंजळभर चिरलेली कांद्याची पात, दोन टमाटर, हळद, मीठ. टमाटर गळून त्याचा रस सुटला की निवडलेली मेथी घालावी व झाकण ठेवावे. पाणी आटत आले म्हणजे पळीने भाजीत खळगे करून प्रत्येकात एकेक अंडे फोडावे. ढवळू मात्र नये. जाळ ओढून पुन्हा झाकण ठेवावे. तव्यावरची भाकरी पलटून फुगते न फुगते तोच अंडी बसलेली असतात. वरून सांभार भुरभुरला की झाले. एवढ्यात चौघे जेवतात, आणि बाजारातून आणावे लागते ते तेल, मीठ, जिरे आणि चिमूटभर हळद.

आता या कढईतून अंडी वजा करा. भाजी उरते आणि ती चवदारही लागते. परंतु एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात, ती ओंजळभर मेथीतून येत नाहीत. ब-१२ हे जीवनसत्त्व तर कोणत्याच पालेभाजीत नाही. उलट पालेभाजीतील ज्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते अंगी लागण्यास स्निग्ध पदार्थ लागतो, आणि तो अंड्याच्या बलकात असतो. म्हणजे अंडे भाजीच्याच मदतीला येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यांच्यापुढे सात्त्विकतेचे प्रवचन कोणत्या तोंडाने करावे?

राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतील मुलांना आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. दर अंड्यामागे पाच रुपये धरले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र पैसा देणे थांबविले आणि अंडे द्यावयाचे तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळविले. लोकसहभाग! शब्द किती गोंडस! पण हे लोक कोण? कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून कर्ज फेडणारे. त्यांच्या परसातले गावरान अंडेसुद्धा बहुधा घरच्या पोराच्या ताटात पडत नाही. शहरात त्याला चांगला भाव येतो म्हणून ते बाजाराला जाते. त्याच बापाकडे शाळेने अंड्यासाठी हात पसरावा, असा हा न्याय.

परसबागेचे म्हणाल, तर तिची गरज तरी का पडली? पूर्वी पऱ्हाटीच्या ओळींतून घोळ, चिवळ खुडून आणीत आणि भाजी होई. आता तिथे तणनाशक फिरते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या शेतातली भाजी कोणी मुलांना घालावी? म्हणून परस हवाच. पण फाल्गुन उलटला की विहिरी तळ गाठतात, शाळेच्या वाफ्यांना पाणी कोण घालणार? पुढे सुट्टी लागते. मुलाची भूक काही सुट्टीवर जात नाही.

कोणी शेजारच्या वर्ध्याकडे बोट दाखवून गांधीजींचे नाव घेईल. गांधीजी स्वतः अंडे खात नसत, हे खरे. पण १९४२ साली आगाखान महालात बंदिवासात असताना आरोग्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्यांनीच म्हटले आहे की, ज्याला दूध चालते त्याला निर्बीज अंडे घेण्यास हरकत नसावी. आमचे सात्त्विक बंधू दूध तर तूपसाखरेसह घेतात.

तमिळनाडूने १९८९ साली शाळेच्या जेवणात अंडे आणले, तेव्हा सुरुवात पंधरवड्यातून एका अंड्याने होती; पुढे सरकारे बदलली, पण अंडी वाढतच गेली. तिथे सोवळेओवळे नव्हते असे नाही. आमच्याकडेही आदिवासी भागातील अंगणवाडीच्या मुलांसाठी अमृत आहार योजनेत २०१६ साली अंडे आलेच. त्यात यवतमाळचे कोलाम आणि गोंड पाडे येतात. तेच पोर सहा वर्षांचे होऊन पहिलीत बसले की त्याला अंडे का नको, एवढे कोणीतरी समजावून सांगावे. आणि सांगणाऱ्याने सकाळी आपल्या घरी न्याहारीला काय केले होते, तेही सांगावे.